मागच्या वाटेनं नेलेल्या नळ्या

बाई,

तुमच्या शोकसभेत मी दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. तिसरं वाक्य माझ्याकडे होतं, पण ते सभेत बोलण्यासारखं नव्हतं. मागच्या रांगेतून कुणीतरी "एवढंच?" म्हणालं, ते मला ऐकू आलं. आपले विभागप्रमुख सर वीस मिनिटं बोलले. शिस्त, निष्ठा, त्याग, सगळे शब्द आले. तुम्ही असता तर पाचव्या मिनिटाला ऑटोक्लेव्हचं प्रेशर बघायचं निमित्त काढून उठून गेला असता.

तेव्हापासून मला एका जागी बसता येत नाही. घरी, प्रताप नगरला, आई ताट वाढते आणि मी ते हातात घेऊन खिडकीपाशी उभी राहते. "बस ना गं, कुणी मागे लागलंय का?" ती विचारते. लागलंय, पण तिला कसं सांगू? रविवारीसुद्धा सायकल काढून लॅबमध्ये येते, इन्क्युबेटरचा थर्मामीटर बघते, काही न करता परत जाते. आज कागद घेऊन बसले आहे. मराठीत लिहायला मला वेळ लागतो, तुम्हाला माहीत आहे. तरी मराठीतच लिहिते. इंग्रजीत लिहिलं की मी फार लवकर नीटनेटकी होते.

गोष्ट अशी आहे. तुमचा शोधनिबंध टाइप होऊन सरांच्या टेबलावर पडलाय. खाली तुमचं नाव आहे आणि त्याखाली माझं. बाईंना हीच खरी श्रद्धांजली, असं सर म्हणाले, आणि तो तसाच पाठवायला निघाले होते. त्यात एक वाक्य खोटं आहे. ते लिहिलंत तुम्ही, पण खोटं माझं आहे.

पहिल्यापासून सांगू दे.

मी तुमच्याकडे आले त्या दिवशी तुम्ही मला तीन प्रश्न विचारलेत आणि तिन्हींची उत्तरं मी इंग्रजीत दिली. घाबरले की मला इंग्रजीच सुचतं. कॉन्व्हेंटमध्ये अकरा वर्षं मराठी बोललं की दंड होता, ती सवय जात नाही. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "मराठी येते ना?" मी मान हलवली. "मग बोल ना वं. जंतूले इंग्रजी समजत नाई." शेजारी लॅबचे शिपाई गुलाबराव काचेच्या बशा धूत होते, ते इतके हसले की एक बशी फुटली, आणि तुम्ही त्यांच्यावर ओरडलात. त्या गडबडीत माझी निवड होऊन गेली.

साल्मोनेला हा विषबाधेचा जंतू तुम्ही मला बासुंदीतून दाखवलात. रामटेककडे, तुमच्या भावांची धानाची शेती आहे तिथून जवळच्याच एका गावात, लग्नातली शंभरेक माणसं आजारी पडली होती. तुम्ही एस.टी.नं जाऊन उरलेली बासुंदी बर्फाच्या थर्मासात घेऊन आलात. आमच्या वर्गातल्या कुणालाच त्यानंतर सहा महिने बासुंदी खाववली नाही. तुम्हाला मात्र एकाच गोष्टीनं पछाडलं होतं. आचारी शपथ घेऊन सांगत होता, की वाढायच्या आधी बासुंदी पुन्हा गरम केली होती. हा जंतू काही फार चिवट नाही, चांगल्या आचेला मरतो. मग गरम केलेलं अन्न खाऊन माणसं काहून पडली? हा प्रश्न तुम्ही इतक्यांदा विचारलात की गुलाबरावही तो स्वतःशी पुटपुटायचे.

म्हणून तो प्रयोग. जंतू रात्रभर शरीराच्या उबेवर वाढवायचे, दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या नळ्या पंचावन्न अंशाच्या पाण्यात ठरावीक मिनिटं धरायच्या, मग त्यातला थेंब बशीतल्या अगारच्या पोषक जेलीवर पसरायचा. सकाळी बशीवर जितके ठिपके, तितके जिवंत राहिले. तोंडानं पिपेट ओढायला तुम्हीच शिकवलंत. वर कापसाचा बोळा, खाली साल्मोनेला. "श्वास नको वापरू, धीर वापर," असं म्हणायचात. माझ्या हाताला ते काम लगेच जमलं. माणसांशी बोलताना थरथरणारा हात पिपेट धरली की शांत व्हायचा. तुम्ही ते बघितलं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून महत्त्वाच्या नळ्या माझ्याकडे येऊ लागल्या.

आपला इन्क्युबेटर जुन्या इमारतीत, आणि तापमान नेमकं राखणारा वॉटरबाथ मैदानापलीकडच्या नव्या इमारतीत, दुसऱ्या विभागाचा. सकाळी तो त्यांचा असायचा, जेवणाच्या सुट्टीत आपला. नळ्या न्यायला तुम्ही स्वतःचा स्टीलचा जेवणाचा डबा दिलात. आत कापूस, बाहेर लाल रंगानं काढलेली फुली. त्या डब्यात एवढे जंतू असायचे की अख्ख्या सीताबर्डीला पुरले असते, आणि मी तो शाळेला निघाल्यासारखी हातात घेऊन जायची.

पुढच्या वाटेनं तीन-चार मिनिटं. त्या वाटेवर सायकल स्टँडचा कट्टा. आणि कट्ट्यावर ती मुलं. परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाच्या नावाखाली ती कडुनिंबाच्या सावलीत पसरलेली असायची.

"ओ मेमसाब, आज भाजी काय आहे?"

"अबे, इंग्लिशमध्ये विचार ना."

"व्हॉट इज द भाजी?"

"आमाले बी दे ना वं जराशीक, सकाळपासून उपाशी आहो."

एवढंच. त्याहून जास्त कधी काही नाही. माझ्याबरोबरच्या दुसऱ्या कुठल्याही मुलीनं एक शब्द टाकून त्यांना गप्प केलं असतं. मला मात्र कानापर्यंत रक्त चढायचं, आणि चप्पल कुठे पडते तेही कळायचं नाही. एकदा तुम्ही माझ्याबरोबर होतात. तुम्ही थांबलात, डबा माझ्या हातातून घेतलात आणि त्यांच्यापुढे धरलात. "घे, खाय. उद्या तुये आईबाप दवाखान्यात भेटाले येतीन तवा त्याईले माहं नाव सांगजो." मग डब्यात काय आहे ते शांतपणे समजावलंत, टायफॉइडच्या घराण्यातला जंतू, असा होतो, तसा होतो. मुलं कट्ट्यावरून उतरली. तुम्ही पुढे चालत मला म्हणालात, "रोज त्याईच्या समोरूनच जायचं. काहून घाबरून राहिली वं? जातेस ना इथूनच?"

"हो बाई," मी म्हटलं.

ते खोटं होतं. तेव्हाही होतं. त्याआधी महिनाभर मी मागच्या वाटेनं जात होते. मैदानाला वळसा, पाण्याच्या टाकीवरून, नव्या इमारतीच्या मागच्या दारानं. वाटेत सावली कुठेच नाही. आणि ते दार जेवणाच्या सुट्टीत आतून कडी लावलेलं असायचं. गुलाबराव तिथल्या शिपायाबरोबर डबा खायला बसायचे. त्यांचं जेवण आटोपून ते कडी काढेपर्यंत मी दाराशी उभी. हाक मारायची लाज. कधी दहा मिनिटं, कधी वीस. नागपूरचं मे महिन्याचं ऊन, बाराचा सुमार, हातात स्टीलचा डबा. ओढणी डोक्यावर घेतली होती. डब्यावर काही घेतलं नव्हतं.

माझ्या बशांवर ठिपकेच ठिपके यायला लागले. पंचावन्न अंशांत मरायला हवे होते ते जंतू मोजता येणार नाहीत इतके जिवंत. तुम्ही तो प्रयोग स्वतः केलात. तुमच्या नळ्या तुम्ही पुढच्या वाटेनं नेल्यात, कट्ट्यावरच्या मुलांना "अभ्यास करून राहिले का झोपून राहिले?" असं विचारत. तुमच्या बशा जवळजवळ कोऱ्या. पुन्हा मी केला, पुन्हा ठिपके. दुसरं कुणी असतं तर माझ्यावर संशय घेतला असता. तुम्ही स्वतःच्या बोटांकडे बघितलंत आणि म्हणालात, "माहाच हात म्हातारा झाला. पाण्यात जास्त वेळ धरून राहिली असन मी." त्यानंतर ते मोजमाप तुम्ही करायचं सोडलंत आणि माझ्यावर सोपवलंत. तीस वर्षं जंतूंबरोबर काढलेल्या बाईनं माझ्या हातासाठी स्वतःचा हात बाजूला ठेवला. मला तेव्हा फार आनंद झाला होता. ते लिहिताना आत्ताही उठून दोन फेऱ्या मारून आले.

आपलं भांडण याच सुमारास सुरू झालं. भांडण म्हणजे काय, तुम्ही बोलायचात आणि मी चिठ्ठ्या लिहायची. तुमचं म्हणणं, हा बासुंदीचा वाण जन्मानंच कणखर आहे, ज्यात जे आहे ते पहिल्यापासून आहे. मला वाटायचं, एकच जंतू एका वेळी दुबळा आणि दुसऱ्या वेळी चिवट असू शकेल, त्याच्यावर आधी काय गुजरलं त्यावरून. तोंडानं मी "पण बाई" एवढंच म्हणायची. मग संध्याकाळी इंग्रजीत चिठ्ठी लिहून तुमच्या वहीत सरकवायची आणि पळून जायची. सकाळी तिच्या मागच्या बाजूला तुमचं उत्तर असायचं, निळ्या शाईत, मराठीत. एक माझ्याकडे आहे. "शेतात पाहा. उन्हानं धान शिकत नाही, जळतं. जे उरतं ते बियाणं." त्यावर मी लिहिलं होतं, की धान दुपारभरात बदलू शकत नाही, पण जंतूचं अख्खं आयुष्य वीस मिनिटांचं असतं. तुम्ही खाली लिहिलंत, "सिद्ध कर. मग बोल." खरं तर तेव्हा मी रोज तेच सिद्ध करत होते आणि मला ते माहीत नव्हतं.

हिवाळ्यात सगळं गेलं. माझ्याही बशा कोऱ्या. तुम्ही म्हणालात, फ्रिजमध्ये राहून वाणाचा गुण उतरला असेल. सर मात्र काही वेगळं म्हणाले. मी बाजूच्या खोलीत पिपेटा धूत होते. नळ सोडलेला होता, तरी ऐकू आलं.

"बाई, स्पष्ट बोलतो. तुमच्या हाती येत नाही, थंडीत येत नाही. आकडे त्या पोरीचे आहेत, आणि पोरीनेच बनवलेले दिसतात."

त्यावर तुमचा आवाज इतका चढला की मी नळ बंद केला. "सर, दुसरं काहीबी म्हणा. ते पोरगी खोटं बोलनाऱ्यातली नाही. दोन वर्षं पाहून राहिली मी तिले. तिचं आणि माहं नाव संगंच जाईन, नाही तर कोनाचंच नाही."

माझ्यासाठी असं कुणी कधी बोललं नव्हतं. घरी नाही, शाळेत नाही. मी दगडी ओट्याला धरून उभी राहिले. आकडे मी बनवले नव्हते, बाई. ते खरे होते, एकेक ठिपका मोजलेला. त्यामुळे मला वाटलं, तुम्ही बोललात ते बरोबरच आहे. मागच्या वाटेची आठवणसुद्धा आली नाही. माणूस स्वतःचं छोटं खोटं किती सहज खोटं समजत नाही.

या वर्षी मार्चअखेर ऊन चढलं आणि माझ्या बशांवर ठिपके परत आले. तुम्हाला मी एवढं खूश कधी बघितलं नव्हतं. कळमन्याच्या बाजारातून आंब्याची पेटी आणवलीत, अख्ख्या विभागाला वाटलीत, सरांच्या टेबलावर दोन आंबे जास्त ठेवलेत, मुद्दाम. आणि निबंध लिहायला घेतलात.

मग एप्रिलमधली ती दुपार. मागच्या दाराशी मी उभी होते. एका नळीचा बोळा सैल झालाय असं वाटलं म्हणून डबा उघडला आणि आत बोटं घातली. कापूस भाजला. खरंच चटका बसला. मी तशीच बोटं तोंडात घालणार होते, मग आठवलं की कशात घातली होती ती. साबणाच्या पाण्याकडे धावताना, मध्येच, टाकीपाशी, मला सगळं कळलं. एकदम, सरळ. पंचावन्न अंशांच्या पाण्यात जायच्या आधी माझ्या नळ्या वीस मिनिटं डब्यात भाजत होत्या. मरतील इतक्या नाही. सावध होतील इतक्या. तुमच्या नळ्यांवर ही वेळ कधी आलीच नाही, कारण तुम्ही कट्ट्यावरच्या मुलांना भीत नव्हता. हिवाळ्यात ऊन कोवळं, डबा गार. वाण साधाच होता. सगळा फरक माझ्या पायांचा होता.

मी अकरा दिवस गप्प राहिले.

हे मला नीट लिहायचं आहे, कारण इथेच सगळं अडलंय. मला माझी फजिती होईल अशी भीती नव्हती. होती, पण तेवढीच नव्हती. तुम्ही सरांपुढे माझ्यासाठी नाव पणाला लावलं होतंत, आणि तेही मी खोटं बोलत नाही म्हणून. मी तुमच्यापुढे येऊन काय म्हणणार होते? बाई, वाट विचारली होतीत ना, तेव्हा मी खोटं बोलले? पाचव्या दिवशी मी तुमच्या दाराशी आले होते. तुम्ही टाइप केलेली पानं तपासत होतात. "जन्मजात" या अर्थाच्या इंग्रजी शब्दावर तुमचं बोट होतं. वर न बघता म्हणालात, "हा शब्द बरोबर आहे का वं? तुयं इंग्रजी चांगलं आहे."

"बरोबर आहे, बाई."

"तुया आईले सांगजो, पोरीचं नाव छापून येनार आहे म्हून."

"हो बाई."

दुसरं "हो बाई". पहिल्यापेक्षा वाईट, कारण या वेळी मला माहीत होतं.

बाराव्या दिवशी सकाळी मी ठरवून आले. वाक्य पाठ केलं होतं, मराठीत, तीनदा सायकलवर म्हटलं होतं. फाटकाशी गुलाबराव उभे होते. त्यांनी माझी सायकल हँडलला धरून थांबवली आणि म्हणाले, "ताई, वर नका जाऊ. बाई गेल्या." पहाटे, घरी, छातीत कळ आली म्हणे. मी म्हटलं, "पण मला त्यांना काही सांगायचंय." ते नुसते सायकल धरून राहिले.

तुमच्यावर रागही आला मला. एक दिवस थांबला असता तर काय झालं असतं? तुम्ही कधीच वेळ चुकवली नाहीत, आणि माझीच चुकवलीत. असं म्हणणं बरोबर नाही, कळतं. वेळ मीच अकरा दिवस चुकवत होते.

शोकसभेनंतर चौथ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. शनिवारच्या टपालानं निबंध जाणार होता.

"सर, थोडं थांबता येईल का?"

"आता काय राहिलं?"

"एक प्रयोग राहिलाय."

"प्रयोग बाईंनी संपवला. तुम्ही फक्त सही करा."

मी सही केली नाही. त्यांनी पुढे केलेलं पेन उचललं नाही. सरांनी पेन परत खिशाला लावलं. मग म्हणाले, "आठवडा. जास्त नाही."

मी काय केलं ते ऐका, आणि चूक काढता आली तर काढा.

एकाच फ्लास्कमधले जंतू घेतले. त्यांचे तीन भाग केले. पहिला पुढच्या वाटेनं. दुसरा मागच्या वाटेनं, वीस मिनिटं दाराशी. तुम्ही विचारलं असतंत, की फरक उन्हाचा कशावरून, वेळेचा का नसेल? म्हणून तिसराही मागच्याच वाटेनं, तितकाच वेळ, पण डब्याला ओलं फडकं गुंडाळून. प्रत्येक डब्यात एक साध्या पाण्याची नळी, तिच्यात थर्मामीटर. मागच्या दाराला कडी लावून आत घड्याळ घेऊन बसायला गुलाबरावांना सांगितलं. ते ओल्या फडक्याकडे बघून म्हणाले, "हे काय करून राहिल्या ताई? जंतूले लू लागन म्हून?" मग हळू आवाजात, "तुम्ही मांगून येता, हे बाईले माहीत होतं काय?"

"नाही."

"मले वाटे, त्याईनंच सांगतलं असन." ते आत गेले आणि कडी लावली.

पुढची वाट मला चालावी लागली. वर्षभरानं. मुलं तिथेच होती. मी डबा छातीशी धरला आणि जमिनीकडे बघत निघाले. कुणी भाजी विचारली नाही. एकानं आपली सायकल वाटेतून बाजूला घेतली आणि म्हणाला, "बाई गेल्या ना तुमच्या? आमाले काल समजलं." मी मान हलवली. दुसरा म्हणाला, "लय बोलायच्या. पण चांगल्या होत्या." तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत मला पलीकडे पोचायला. वॉटरबाथपाशी पोचून घड्याळ बघितलं, आणि मग मला रडू आलं. नळ्या मात्र वेळेवर पाण्यात घातल्या.

तीन दिवस, तीन वेळा केलं. तिन्ही वेळा तेच. पुढच्या वाटेच्या बशा तुमच्यासारख्या, जवळजवळ कोऱ्या. मागच्या वाटेच्या ठिपक्यांनी भरलेल्या. ओल्या फडक्याच्या पुन्हा कोऱ्या. वाट लांब असण्याशी काही संबंध नव्हता, फक्त उन्हाशी होता. मग आणखी एक केलं. नेहमीचा दुसरा वाण घेतला, आपण शिकवायला वापरतो तो, ज्याला तुम्ही गरीब गाय म्हणायचात. तोही मागच्या दाराशी उभा करून पाण्यात घातला. तोही जगला.

तेव्हा मी तुमची बासुंदीची जुनी टिपणं काढली. लग्नघरी आचाऱ्याला तुम्ही काय काय विचारलंत ते सगळं आहे त्यात. सकाळपासून पातेलं मांडवाच्या कडेला, उन्हात. वऱ्हाड उशिरा आलं. मग घाईत चुलीवर, उकळी फुटायच्या आत उतरवलेलं. बाई, उत्तर तुमच्याच अक्षरात होतं. आधी बराच वेळ कोमट, मग थोडा वेळ गरम. दोन वर्षं आपण जंतूचं कूळ शोधत बसलो. त्यानं ती सकाळ कशी काढली, हे विचारायचं होतं. आणि निबंध तसाच गेला असता तर वाचणारा म्हणाला असता, रामटेककडचा एक वाण भारी कणखर निघाला, आपल्या पातेल्याला काय त्याचं? ते मला होऊ द्यायचं नव्हतं. तुमच्या नावानं तर नाहीच.

भांडणात मी जिंकले म्हणू का? म्हणावंसं वाटत नाही. तुम्ही "सिद्ध कर, मग बोल" लिहिलंत. सिद्ध झालं, आणि बोलायचं कुणाशी? तुम्ही इतक्या सहज हरला नसतात, हेही माहीत आहे. तुम्ही म्हणाला असता, हे शिकणं कशावरून, दुबळे डब्यातच मेले आणि कणखर तेवढे पाण्यात गेले, असं का नसेल? मी डब्यातून काढल्या काढल्याही मोजले आहेत, बाई. डब्यात कुणी मेलेलं नाही. यावर तुम्ही काहीतरी शोधून काढलं असतंतच. मी रोज सकाळी ते काय असेल याचा विचार करते, आणि मला ते सापडत नाही.

काल रात्रभर जागून हे सगळं प्रयोगाच्या वहीत उतरवलं. आपल्याकडे पानाखाली तुमची सही असल्याशिवाय पान धरायचं नाही, हा तुमचाच नियम. ही पानं मला सहीविना सोडायची होती. मग वाटलं, हे तुम्हाला मुळीच आवडलं नसतं. सही नसलेला आकडा तुम्ही आकडाच मानत नव्हता. म्हणून मी वही सरांकडे नेली.

त्यांनी उभ्यानंच वाचायला सुरुवात केली आणि मग बसले. तुमच्या टाइप केलेल्या पानावरचा तो शब्द मी लाल पेन्सिलीनं खोडला होता, तेही बघितलं. "म्हणजे बाईंचं चुकलं," ते म्हणाले.

"नाही सर. त्यांनी मला विचारलं होतं, नळ्या कुठून नेतेस. मी चुकीचं सांगितलं."

"मागून काहून जात होत्या पण तुम्ही? एवढ्या उन्हात?"

उत्तर अगदी सोपं होतं. पुढे गर्दी असते, म्हणता आलं असतं. मी म्हटलं, "कट्ट्यावरची मुलं चिडवायची. मला त्यांच्यासमोरून जायची भीती वाटायची." इंग्रजी आलं नाही तोंडात. सरांच्या ओठांवर हसू येऊ लागलं होतं, ते थांबलं. ते म्हणाले, हे सगळं निबंधात लिहिता येणार नाही. मी म्हटलं, निबंधात फक्त किती मिनिटं आणि किती ऊन ते लिहीन. कारण वहीत आहे, दुसऱ्या पानावर. त्यांनी पान उलटलं. तिथे मी ते लिहिलं होतं, कट्टा, भाजी, "हो बाई" दोन्ही वेळचं, तारखांसकट. त्यांनी सावकाश वाचलं. आता निबंध या वर्षी जाणार नाही, पुन्हा पहिल्यापासून लिहावा लागेल, हे त्यांनी सांगितलं. नावं मी विचारली नाहीत. तेच म्हणाले, बाईंचं पहिलं राहील.

मग त्यांनी पेनचं टोपण काढलं, निब पानावर टेकवलं आणि थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "हे सगळं खरं आहे ना?"

तुम्ही मला हे कधीच विचारलं नव्हतं.

"हो सर," मी म्हटलं.